लहान मुलांची आकडी : रक्ततपासणीतून नेमकं काय कळतं?

गोदाकाठ

मुलाला आकडी येऊन गेली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : “रक्त तपासलं का? रक्तात काय निघालं?” त्यात ‘रक्ताच्या एका थेंबात अपस्माराचं निदान’ असले मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. पालकांना आणि लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींना, दोघांनाही उपयोगी पडावं म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी मुख्य गोष्ट. मुलाला अपस्मार आहे की नाही हे ठरवणारी रक्ततपासणी आज कुठेच नाही, नाशिकला नाही, मुंबईला नाही आणि परदेशातही नाही. निदान होतं ते आकडीच्या बारीक वर्णनावरून, आणि त्याला ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाची जोड मिळते. आयएलएई या अपस्मारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१४ साली व्याख्या दिली, तीच सगळीकडे वापरतात : तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने आलेल्या दोन आकड्या; किंवा एकच आकडी, पण पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून जास्त; किंवा अपस्माराचा एखादा ठरावीक सिंड्रोम ओळखला गेलेला असणं. यात रक्तातल्या कुठल्याही आकड्याचा संबंध येत नाही.

तरीही रक्त काढतात, आणि काढायलाच हवं अशा वेळा बऱ्याच असतात. आजची आकडी साखर किंवा कॅल्शियम उतरल्यामुळे आली का, मुळात एखादा चयापचयाचा किंवा जनुकीय आजार आहे का, आणि औषध कुठलं सोसेल, या प्रश्नांची उत्तरं रक्तातूनच मिळतात. फक्त प्रत्येक तपासणीला नमुना कधी आणि कसा घेतला यावर सगळं अवलंबून असतं. चुकीच्या वेळी घेतलेला नमुना मशीनवर बिनचूक मोजला तरी रिपोर्ट दिशाभूल करतो.

निफाडकर

चांगला विषय. एक विचारायचं होतं. रक्तात प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं असेल तर ती खरी आकडी, नाहीतर नाही, असं ऐकलंय. त्यात कितपत तथ्य आहे?

गोदाकाठ

निफाडकर, अर्धं तथ्य आहे. अख्खं अंग झटके देतं तशा मोठ्या आकडीनंतर पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन रक्तात येतं. नमुना आकडीनंतर १० ते २० मिनिटांत घ्यावा लागतो आणि त्याच मुलाच्या नेहमीच्या पातळीच्या किमान दुप्पट आकडा आला तरच तो धरायचा. नेहमीची पातळी कळायला साधारण सहा तासांनी दुसरा नमुना लागतो. नुसता एक आकडा घेऊन लॅबच्या नॉर्मल रेंजशी ताडून पाहणं निरुपयोगी आहे. सुरगाण्याहून किंवा पेठहून मूल नाशिकला पोचेपर्यंत ही वेळ केव्हाच टळलेली असते, त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी बहुतेकदा फुकट जाते. मूल आधीच दाखल आहे आणि वॉर्डातच आकडी आली, तर तिचा उपयोग.

शिवाय साध्या चक्कर-मूर्च्छेतही प्रोलॅक्टिन वाढतं. उलटीसाठी डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड दिलं असेल तरी वाढतं. उलट बाजूने, मूल काही सेकंद एकटक बघतं ती अ‍ॅब्सेन्सची आकडी किंवा दचकल्यासारखे मायोक्लोनिक झटके, यांत ते वाढतच नाही. मोठ्या मुलांमध्ये मानसिक ताणातून येणारे आकडीसदृश झटके वेगळे काढायला जोडतपासणी म्हणून ते चालतं, तेवढीच त्याची किंमत. तान्ह्या बाळांत तर नकोच.

सप्तशृंग

गोदाकाठांनी लिहिलेलं बरोबर आहे. त्याच पठडीतल्या आणखी दोन तपासण्या म्हणजे लॅक्टेट (स्नायूंनी जोर लावला की रक्तात साठतं ते) आणि सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम).

लॅक्टेट आकडीनंतर पहिल्या एक-दोन तासांत चढलेलं असतं, पण मूल रडत हातपाय झाडत असेल, चौघांनी धरून ठेवलं असेल आणि दंडाला पट्टा आवळून बराच वेळ शीर शोधली असेल, तर ते आकडी नसतानाही चढतं. नमुना करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या बाटलीत, बर्फावर, पंधरा मिनिटांत लॅबला पोचला पाहिजे.

सीपीके हळू चढतं, २४ ते ४८ तासांत कळस गाठतं. पण कमरेत इंजेक्शन दिलं की तेही चढतं, आणि आकडीच्या मुलाला तालुक्याच्या गावी इंजेक्शन टोचलेलं असतंच. लहान मुलांच्या दोन-तीन मिनिटांच्या आकडीत ते नॉर्मल राहणंही अगदी नेहमीचं. त्यामुळे ‘सीपीके नॉर्मल, म्हणजे मूल नाटक करतंय’ असा अर्थ कुणीही काढू नये, कृपया. असल्या शेऱ्याने मुलाचे उपचार महिनोन्‌महिने लांबतात.

या तिन्ही तपासण्या आकडी येऊन गेल्याची खूण दाखवतात. पुन्हा पुन्हा आकडी येण्याची मेंदूची प्रवृत्ती, म्हणजे अपस्मार, त्या दाखवत नाहीत. बातम्यांमध्ये हा फरक पुसला जातो.

मखमलाबाद_लॅब

नमुना घेण्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घोळ सुईपासून मशीनपर्यंतच्या वाटेवर होतो.

साखर : आकडी चालू असतानाच ग्लुकोमीटरवर बोटाचं रक्त बघायचं आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवायचा. सलाइन लावल्यावर घेतलेल्या साखरेला अर्थ नाही. लॅबसाठी करडी बाटली. साध्या बाटलीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. दुपारी कळवणला घेतलेलं रक्त संध्याकाळी नाशिकला मोजलं की धडधाकट मुलाचीही साखर उतरलेली दिसते. फ्लोराइडसुद्धा पहिला तासभर पेशींना पूर्ण थोपवत नाही, म्हणून बाटली लवकर मशीनवर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचं पिवळसर पाणी, वेगळा करणंच उत्तम.

कॅल्शियम : जांभळ्या झाकणाच्या बाटलीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, ते कॅल्शियम ओढून घेतं. जांभळीतलं रक्त लाल बाटलीत ओतलं किंवा आधी जांभळी भरून त्याच सुईने लाल भरली, तर कॅल्शियम एकदम तळाला आणि पोटॅशियम आभाळाला भिडलेलं येतं. असा जोडीचा आकडा दिसला की उपचार बदलण्याआधी नमुना परत घ्या. क्रम नेहमी आधी लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. प्रथिनं कमी असलेल्या कुपोषित मुलात एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं, तिथे आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम बघावं.

तान्ह्या बाळाला कॅल्शियम कमी पडून आकडी आली असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), सगळं एकाच वेळच्या रक्तातून आणि कॅल्शियमचं इंजेक्शन देण्याआधी. नंतर घेतलेलं पीटीएच वाचताच येत नाही. जमलं तर आईचंही व्हिटॅमिन डी तपासा, अंगावरच्या दुधावरच्या बाळांत दोघांचं कमी असणं फार आढळतं. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम दिलं तरी आकडी थांबत नाही.

सोडियम : जुलाबात ओआरएसचं एक लिटरचं पाकीट दोन लिटर पाण्यात कालवलं किंवा नुसतं पाणीच पाजत राहिलं की सोडियम उतरतं. १२५ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली गेलं की आकडीची भीती. उलट तेच पाकीट एका ग्लासात कालवलं तर सोडियम चढतं आणि तेही तितकंच घातक. म्हणून रिपोर्टसोबत ओआरएस कसं कालवलं होतं हेही विचारा.

अमोनिया (चयापचयाचे काही आजार शोधायला) : पट्टा न आवळता, बर्फात, अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा. हे जमत नसेल तर नमुना घेऊच नका. कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईला गेलेल्या साध्या बाटलीतला अमोनिया नेहमीच चढलेला निघतो. मोठ्या आकडीनंतरही तो काही तास चढतो, तेव्हा एकदा चढलेला दिसला तर पुन्हा बघायचा.

निफाडकर

मखमलाबाद, ही माहिती छापून लॅबच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. बी-१२ चं काय? शाकाहारी घरातल्या बाळांत ते कमी असतं म्हणतात.

सप्तशृंग

असतं, आणि आकडीच्या कारणांत ते आवर्जून शोधावं. आईचं बी-१२ कमी, बाळ सहा महिन्यांपुढेही फक्त अंगावर, मग बाळ मंदावतं, शिकलेलं विसरतं, केस विरळ-तांबूस होतात, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, अंग कापतं, कधी आकडी. हे चित्र दिसलं की बी-१२ आणि होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात चढतं ते) यांचं रक्त आधी घ्या, मग इंजेक्शन. होमोसिस्टीनची बाटली बर्फात ठेवून तासाभरात फिरवायची, नाहीतर पेशींमधून ते झिरपून आकडा फुगतो. आईचीही तपासणी त्याच दिवशी.

ओझरची_सई

माझा प्रश्न बातम्यांबद्दल आहे. एस१००बी, एनएसई, एचएमजीबी१, मायक्रोआरएनए अशी नावं वाचली. हे खरंच येणार आहे का?

सप्तशृंग

सईताई, संशोधन खरं आहे, जगभर चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण आज यातलं काहीही पैसे देऊन करून घेऊ नका. कारणं सांगतो.

एनएसई हे मेंदूच्या पेशींतलं एन्झाइम, पण लाल पेशींतही भरपूर असतं. नमुना किंचित जरी फुटून गुलाबी झाला तरी आकडा चढतो, आणि लहान मुलांचं रक्त काढताना नमुना फुटणं रोजचं आहे. एस१००बी मेंदूतल्या आधारपेशींतून येतं, तसंच चरबीतूनही येतं. तान्ह्या बाळात ते मुळातच मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून वयानुसार वेगळ्या रेंज लागतात. न्यूरोफिलामेंट या चेतापेशींतल्या प्रथिनाचंही तेच, बाळपणी जास्त आणि पुढे उतरत जातं. एचएमजीबी१ हे दाहाशी जोडलेलं प्रथिन, पण रक्त गोठताना प्लेटलेट्समधून ते बाहेर पडतं, त्यामुळे सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) आणि प्लाझ्मा यांचे आकडे जुळत नाहीत. इंटरल्यूकिन-६ हे दाहाचंच आणखी एक प्रथिन, ते तापातही चढतं, मग तापातल्या आकडीच्या मुलात त्याचा अर्थ काय लावणार? मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचं काम कमीजास्त करणारे आरएनएचे बारीक तुकडे, हेही फुटलेल्या पेशींतून येतात, आणि मोजण्याची एकच सर्वमान्य पद्धत अजून ठरलेली नाही.

याहून मोठी अडचण अभ्यासाच्या आखणीत असते. अनेक अभ्यास एका बाजूला जुनाट, औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराची मुलं घेतात आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत मुलं. साहजिकच फरक दिसतो. ओपीडीत मात्र ठणठणीत मुलाला अपस्मार आहे का असं कुणी विचारायला येत नाही. तिथे प्रश्न असतो तापातली आकडी, श्वास रोखून निळं पडणं, शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडणं आणि अपस्मार यांच्यातला. त्या मुलांशी तुलना केली की चकचकीत आकडे खाली येतात. शिवाय व्हॅल्प्रोएटसारखी आकडीची औषधं आधीच चालू असतील तर खुणा औषधाच्या की आजाराच्या, तेही कळत नाही.

गोदाकाठ

याला साधा हिशेब जोडतो. समजा एक तपासणी आली, दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक. पडणं-झटके अशा तक्रारीची १००० मुलं आली, त्यातल्या २०० जणांना खरोखर अपस्मार आहे. त्या २०० पैकी १८० सापडतील, २० निसटतील. उरलेल्या ८०० पैकी ८० जणांचा रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह २६०, त्यात ८० चुकीचे, जवळपास तिसरा हिस्सा. तेवढ्या मुलांना दोन-दोन वर्षं विनाकारण औषध, आणि मुलगी असेल तर पुढे लग्नाच्या वेळी लपवाछपवी. ९० टक्के हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण निदानासाठी तो अपुरा आहे.

ओझरची_सई

समजलं. मग रक्तातून खरोखर निदान होतं असे आजार कुठले?

सप्तशृंग

आहेत, आणि ते चुकवू नयेत कारण त्यातल्या काहींवर स्वस्त आणि नेमके उपचार आहेत. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या नात्यात लग्नं होतात, तिथे हे जास्त शोधावे.

बायोटिनिडेज, म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व वापरात ठेवणारं एन्झाइम, त्याची कमतरता. आकड्या, अंग ढिलं, केस गळणं, तोंडाभोवती पुरळ. निदान रक्तातल्या एन्झाइमवरून, उपचार रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन. एन्झाइम उष्णतेने मरतं, हीच गोम. गाळणीच्या कागदावरचा थेंब सावलीत, आडवा, तीन-चार तास सुकवायचा. ओला कागद पाकिटात घालायचा नाही, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. मे महिन्यात नमुना पाठवताना सोबत नात्यात नसलेल्या निरोगी माणसाचा नमुना त्याच पाकिटातून पाठवा. त्याचाही आकडा कमी आला तर दोष वाटेतला.

पायरिडॉक्सिनवर (बी-६ जीवनसत्त्वावर) अवलंबून असलेला अपस्मार. एएलडीएच७ए१ जनुकातला दोष, २००६ साली सापडला. रक्तात आणि लघवीत अल्फा-एएएसए हे चयापचयातलं द्रव्य चढतं, रक्तात पिपेकोलिक आम्लही. नमुना लगेच गोठवावा लागतो. बी-६ सुरू केल्यावरही अल्फा-एएएसए चढलेलंच राहतं, म्हणून तपासणीसाठी औषध अडवून धरायचं नाही. शिरेतून पहिला डोस देताना बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून तो श्वास देण्याची सोय असलेल्या ठिकाणीच.

ग्लूट१ ची कमतरता. रक्तातली साखर मेंदूत पोचवणारं प्रथिन कमी असतं. सकाळी उपाशीपोटी आकड्या, खाल्ल्यावर बरं वाटणं, किंवा चार वर्षांच्या आत सुरू झालेले अ‍ॅब्सेन्स, हे दिसलं की शोधा. चार ते सहा तास उपाशी ठेवून आधी रक्तातली साखर, मग पाठीतलं पाणी. क्रम उलटा केला तर टोचण्याच्या ताणाने रक्तातली साखर चढते आणि गुणोत्तर खोटं कमी येतं. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहूनही कमी आली तर संशय बळावतो. लाल पेशींवरचं ग्लूट१ थेट मोजणारी रक्ततपासणी फ्रान्समध्ये वापरात आली आहे. अपस्मारासाठी रक्तातली खूण म्हणावी अशी ती खरी गोष्ट, पण या एकाच आजारापुरती. उपचार म्हणजे केटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहार, तोही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीत.

मखमलाबाद_लॅब

जनुकीय तपासणीबद्दल. जांभळ्या बाटलीत २ ते ३ मिलि रक्त पुरतं, गोठू द्यायचं नाही, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची. मुलाला नुकतं रक्त चढवलं असेल तर लॅबला कळवा. आई-बाप दोघांचं रक्त सोबत दिलं तर रिपोर्ट वाचणं फार सोपं होतं. ‘व्हीयूएस’ लिहून आलं तर तो बदल आजाराचा आहे की नाही हे ठरलेलं नाही, त्यावर औषध बदलायचं नाही.

सप्तशृंग

आणि ही तपासणी करावी कधी तर पहिल्या वर्षात तापासोबत लांबलेल्या, कधी डाव्या तर कधी उजव्या अंगाच्या आकड्या येत असतील तेव्हा. हे चित्र ड्राव्हे सिंड्रोम या गंभीर अपस्माराचं; त्यात बहुतेक मुलांत एससीएन१ए या जनुकात दोष सापडतो, आणि तिथे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांनी आकड्या वाढतात. रिपोर्टने औषध बदलतं, म्हणून तो खर्च कारणी लागतो.

साध्या तापातल्या आकडीत मात्र काहीच नको : सहा महिने ते पाच वर्षं वय, १५ मिनिटांच्या आत, सगळ्या अंगाची, २४ तासांत एकदाच. तिथे फक्त तापाचं कारण शोधायचं. वर्षाच्या आतल्या बाळात मेंदूज्वराची शंका आली तर पाठीतलं पाणी टाळू नका.

निफाडकर

औषध सुरू झाल्यावर कुठलं रक्त?

मखमलाबाद_लॅब

औषधाची पातळी सकाळचा डोस देण्याआधी. फेनिटॉइन १० ते २०, व्हॅल्प्रोएट ५० ते १००, कार्बामाझेपिन ४ ते १२, सगळे मायक्रोग्रॅम प्रति मिलि. शेवटचा डोस कधी दिला ती वेळ फॉर्मवर नसेल तर आकडा वाया. कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी एचएलए-बी*१५:०२ हे जनुकाचं रूप एकदाच तपासावं; ते असेल तर अंगभर फोड येऊन कातडी सुटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००७ मध्येच आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी हा इशारा दिला. व्हॅल्प्रोएटवर असलेलं मूल झोपाळू, उलट्या करणारं झालं तर लिव्हरसोबत अमोनिया बघा. लिव्हर नॉर्मल असूनही अमोनिया चढू शकतो.

गोदाकाठ

आपल्या जिल्ह्यापुरती एक भर. द्राक्षाच्या फवारणीच्या दिवसांत आकडी, लाळ, घाम आणि बाहुल्या टाचणीएवढ्या झालेलं मूल आलं तर आधी फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांची चौकशी आणि कोलीनएस्टरेज (कीटकनाशकाच्या विषबाधेत उतरणारं रक्तातलं एन्झाइम). देव्हाऱ्यातला कापूर किंवा निलगिरीचं तेल पोटात गेल्यावरही आकडी येते, तिथे नेहमीच्या रक्तात काही सापडत नाही, विचारूनच कळतं. आणि मुलांत जंताच्या गाठीने, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिसने येणाऱ्या आकड्या आपल्या देशात पुष्कळ. एकच गाठ असेल तर रक्तातली अँटिबॉडी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. निदान सीटी किंवा एमआरआयवरच.

ओझरची_सई

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारते : पहिल्यांदा दाखवायला जाताना पालकांनी सोबत काय न्यावं?

सप्तशृंग

आकडीचा मोबाइलवरचा व्हिडिओ, कुठल्याही रिपोर्टाआधी. मुलाला कुशीवर वळवा, नाकाशी कांदा-चप्पल नको, तोंडात चमचा नको, आणि दुसऱ्या कुणाला तरी शूटिंगला लावा. पांघरूण काढून पूर्ण अंग, मग चेहरा : डोळे कुठे वळलेत, झटके कुठल्या हाताने सुरू झाले, हाक मारल्यावर प्रतिसाद कधी आला, मूल शुद्धीवर येईपर्यंत चालू ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

ईईजीच्या आदल्या दिवशी डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही, रात्री डॉक्टर सांगतील तेवढं उशिरापर्यंत जागवायचं म्हणजे मशीनवर झोप लागते. पहिला ईईजी नॉर्मल आला तरी अपस्मार नाही असं होत नाही; झोपेतला पुन्हा करतात. अ‍ॅब्सेन्सचा संशय असेल तर ओपीडीतच मुलाला कागदी भिंगरी तीन मिनिटं फुंकायला लावतात, बऱ्याचदा तिथेच मूल मध्येच फुंकायचं थांबतं, डोळे स्थिर होतात, भिंगरी हातात तशीच राहते आणि निदान समोर दिसतं.

श्वास रोखून निळं पडणारं मूल असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासा. लोह कमी निघालं तर ते दिल्याने झटके कमी होतात. खेळताना किंवा दचकून पडणाऱ्या मुलाचा ईसीजी आधी, त्यात क्यूटी (ठोक्याच्या आलेखातलं एक अंतर) मोजायला सांगा. आणि बाळ झोपेतून उठल्यावर ओळीने हात पसरून मान वाकवत असेल, पोटदुखीसारखं रडत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टांची वाट बघू नका. ते इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांतल्या गंभीर अपस्माराचे झटके असू शकतात, ईईजी त्याच आठवड्यात हवा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (मुलांचे आजार लवकर ओळखून उपचार करणाऱ्या) केंद्रात आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आलेल्या मुलांची तपासणी मोफत होते, अंगणवाडीतून चिठ्ठी मिळते.